बिलेट गिअर टाका, पण वळणात पडणारं प्रेशर त्याने थांबणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.८ लिटरचं बीपी इंजिन, नंतर बसवलेला टर्बो, हलकी अ‍ॅल्युमिनियमची क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, पुढच्या टोकावरची चकती) आणि ७५०० आरपीएमवर (मिनिटाला इतक्या फेऱ्या) नेलेला रेव्ह लिमिटर, म्हणजे इंजिनाच्या वेगाची वरची मर्यादा. गाडी एरवीही चालते आणि अधूनमधून ट्रॅकवर जाते. लांब उजव्या वळणात ऑइल प्रेशर पाच बारवरून दोनच्याही खाली येतं, गाडी सरळ झाली की पुन्हा चढतं. या इंजिनाच्या ऑइल पंपाचे गिअर तुटतात असं तुमच्या वाचनात आलं. म्हणून तुम्ही विचारताय की नुसते बिलेट गिअर (स्टीलच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेले) टाकून भागेल की अख्खा पंप बदलायचा, आणि सोबत रिलीफ व्हॉल्व्हची (जास्तीचं प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेची) कडक स्प्रिंगही घालायची का.

गिअरचं उत्तर सोपं आहे. टर्बो आहे आणि लिमिटर वर नेलाय, तेव्हा पंप पुढच्या वेळी बाहेर निघेल तेव्हा बिलेट गिअर घालाच. पण वळणात पडणाऱ्या प्रेशरशी त्या गिअरांचा काही संबंध नाही. गिअर शाबूत असेपर्यंत ते नेहमीइतकंच ऑइल ढकलतात. तुटले की प्रेशर शून्यावर जातं आणि परत येत नाही. पडून पुन्हा चढणारं प्रेशर याचा अर्थ पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा पोचतेय. ही दोन वेगळी दुखणी आहेत. त्यातलं गिअरचं दुखणं कदाचित कधी उपटणारही नाही, हवेचं मात्र आत्ता, ट्रॅकवरच्या प्रत्येक फेरीत तुमची बेअरिंग खातंय. म्हणून कामाचा क्रम मी तुमच्या यादीच्या उलटा लावेन.

आधी गिअर का तुटतात ते सांगतो, कारण त्याचं मूळ तुमच्याच गाडीत, पुलीमध्ये आहे.

बीपी इंजिनात ऑइल पंप क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरच बसतो. क्रँकच्या त्या टोकाला दोन सपाट बाजू असतात आणि आतला गिअर थेट त्यांच्यावर चढतो. मध्ये चेन नाही, वेगळा शाफ्ट नाही. आतल्या गिअरला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी असतो. त्यामुळे दोघांमधल्या पोकळ्या एका बाजूला उघडत जातात आणि ऑइल ओढून घेतात, दुसऱ्या बाजूला मिटत जातात आणि तेच ऑइल दाबाने बाहेर काढतात. रचना साधी आणि टिकाऊ आहे, अडचण आहे ती जागेची. ७५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२५ फेऱ्या, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट, म्हणजे क्रँकला सेकंदाला २५० धक्के. प्रत्येक धक्क्याला क्रँक किंचित पिळवटते आणि सुटते. मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असल्यामुळे तिथे ही थरथर दबते. पुढचं टोक मोकळं असतं, म्हणून ती तिथे सगळ्यात जास्त असते. पंपाचा गिअर नेमका त्याच टोकावर आहे.

ही थरथर मारण्यासाठीच कारखान्याच्या पुलीचं बाहेरचं कडं आतल्या भागाला रबराने जोडलेलं असतं. क्रँक एका बाजूला झटकली की ते कडं मागे रेंगाळतं आणि रबर तो झटका गिळतं. तुम्ही बसवलेल्या हलक्या पुलीत ते रबर नाही, कडंही नाही. थोडं वजन वाचलं, इंजिन जरा चटकन फिरायला लागलं, आणि पंपाच्या गिअरचं एकमेव संरक्षण निघून गेलं. टर्बो बसवलेल्या आणि वरच्या आरपीएममध्ये चालणाऱ्या इंजिनावर ही पुली ठेवायला माझा ठाम विरोध आहे. आज बिलेट गिअर घातले आणि पुली तशीच ठेवली, तर गिअर टिकतील, पण धक्का गायब होणार नाही. तो क्रँकला, टायमिंगच्या पुलीला आणि पुढच्या बोल्टला सोसावा लागेल. शक्य असेल तर ट्रॅकच्या गाड्यांसाठी बनवलेला चांगला डँपर (थरथर गिळणारी पुली) लावा, नाहीतर निदान मूळ पुली परत बसवा. मात्र जुनी मूळ पुली आधी नीट तपासा. रबराला भेगा पडल्या असतील किंवा बाहेरचं कडं आतल्या भागावरून सरकलं असेल तर ती बाद.

आता गिअरच्या धातूबद्दल. मूळ गिअर धातूची भुकटी साच्यात दाबून आणि भट्टीत भाजून केलेले असतात. मापाला अचूक असतात, झीजही छान सोसतात, आणि साध्या वापरात इंजिनाच्या आयुष्यभर पुरतात. पण या धातूत बारीक छिद्रं राहतात आणि त्याला लवचिकपणा कमी असतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा बसणारा धक्का त्याला मानवत नाही. तुटलेला आतला गिअर हातात घेऊन भिंगाखाली बघितलात तर चीर बहुतेक वेळा आतून सुरू झालेली दिसते, सपाट बाजू आणि गोलाई जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून. तुटलेला भाग रवाळ आणि करडा असतो. शेजारची सपाट बाजू मात्र एका पट्ट्यात आरशासारखी चकाकत असते. तो पट्टा म्हणजे क्रँक आणि गिअर यांच्यातल्या सैलपणामुळे दोघं एकमेकांवर आपटत असल्याची खूण. लिमिटरवर इंजिन ठेचकाळत ठेवणं याच कारणाने वाईट. तिथे जोर लागतो, तुटतो, परत लागतो, आणि प्रत्येक वेळी तो सैलपणा उलट्या बाजूने आपटतो.

हा रोग एकट्या माझदाचा नाही. फोर्डच्या ५.० लिटर कोयोटी इंजिनावर सुपरचार्जर बसवणारे भुकटीचे पंप-गिअर आधीच काढून टाकतात आणि त्यासोबत क्रँकवरचं स्प्रॉकेटही बदलतात. निसानच्या आरबी२६ मध्ये, सुरुवातीच्या आर३२ स्कायलाइन गाड्यांच्या क्रँकवर गिअरला पकडणारा सपाट भाग इतका अरुंद होता की क्रँकवर वेगळी कॉलर चढवून तो रुंद करण्याची पद्धतच पडली. तिथे कितीही मजबूत गिअर घेतला तरी पकड अरुंद असेल तर उपयोग नाही. तुमच्या कामातही हेच लक्षात ठेवा. नवा बिलेट गिअर क्रँकवर चढवून बघा, हाताने मागेपुढे हलवा आणि सपाट बाजूशी किती फट आहे ते फीलर गेजने मोजा. गिअर सरकून बसायला हवा, पण खुळखुळता कामा नये. क्रँकची सपाट बाजूच आपटून दबली असेल तर नवीन गिअरही तिथे आपटतच राहील.

आता वळणाकडे येऊ. खरं काम इथे आहे.

गाडी वळणात असताना बाहेरच्या बाजूला जितका जोर लागतो त्या प्रमाणात चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातल्या, ऑइलची पातळी कलते. चिकट टायरवर एक जीचा (गुरुत्वाकर्षणाइतका) जोर सहज येतो, आणि एक जीला ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. म्हणजे चेंबर २० सेंटिमीटर रुंद असेल तर एका भिंतीशी आणि दुसऱ्या भिंतीशी असलेल्या पातळीत २० सेंटिमीटरचा फरक पडायला हवा. एवढी खोली चेंबरला नसतेच. मग ऑइल बाहेरच्या भिंतीवर चढतं, क्रँकच्या वाटेत येतं, तिथे घुसळलं जाऊन त्याचा फेस होतो, आणि पिकअपची (चेंबरमधून पंपाकडे ऑइल नेणाऱ्या नळीची) जाळी कोरडी पडते. त्यातच वरच्या आरपीएमला बरंच ऑइल हेडमध्ये अडकलेलं असतं. या इंजिनात सगळं मिळून ऑइल साधारण चार लिटर असतं. पंप मिनिटाला ४० लिटर हलवतोय असं धरलं तरी चेंबरमधलं सगळं ऑइल सहा सेकंदांत एकदा फिरून येतं. लांब वळण तेवढं सहज टिकतं.

बेअरिंगला या घटनेचा त्रास का होतो तेही समजून घ्या. बेअरिंग आणि जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) यांच्यामध्ये ५० मिलिमीटरच्या जर्नलला ढोबळमानाने ०.०५ मिलिमीटरची फट असते. भार उचलणारी ऑइलची फिल्म जर्नलच्या फिरण्यातून तयार होते. पंपाचं काम तिथे ऑइल पुरवत राहणं एवढंच आहे. पंपातून फेस आला तर फिल्ममध्ये हवेचे बुडबुडे येतात आणि ती भाराखाली बसते. गेजवर दोन बार दिसत असतील तेव्हा बेअरिंगपाशी प्रत्यक्षात काय पोचतंय ते गेज सांगू शकत नाही. म्हणून पडून चढणारं प्रेशर बघून निर्धास्त राहू नका.

मोठा पंप घातला तर? नाही. पंप ऑइल वर खेचत नाही. तो आत पोकळी तयार करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब ऑइलला तिथे ढकलतो. तो दाब एक बारच आहे, पंप कोणताही असो. मोठ्या पंपाला त्याच पिकअप नळीतून जास्त ऑइल हवं असतं, त्यामुळे वरच्या आरपीएमला त्याच्या तोंडाशी पोकळी होण्याची शक्यता वाढते, आणि वळणात तो उरलंसुरलं ऑइल आणखी लवकर संपवतो. सुबारूच्या ईजे इंजिनांसाठी १०, ११, १२ मिलिमीटर जाडीच्या रोटरचे पंप मिळतात, आणि सगळ्यात जाड तोच चांगला असं समजून लोक घेतात. जाड रोटरची गरज मोठ्या फटींवर बांधलेल्या किंवा ऑइलचे जास्त ग्राहक असलेल्या इंजिनाला असते. तुमचं इंजिन आतून मूळ स्थितीत असेल तर मूळ क्षमतेचा पंप त्याला पुरतो.

कडक स्प्रिंगबद्दलही माझं उत्तर नाही असंच आहे. रिलीफ व्हॉल्व्ह फक्त वरची मर्यादा ठरवतो. प्रेशर त्या मर्यादेच्या खाली असेल तेव्हा तो बंदच असतो, मग त्यामागे स्प्रिंग कोणतीही असो. म्हणजे गरम इंजिनाच्या आयडलला प्रेशर कमी असेल किंवा वळणात पडत असेल, तर स्प्रिंग बदलून तिथे तसूभरही फरक पडणार नाही. फरक फक्त सरळ रस्त्यावर दिसेल, जिथे तुम्हाला तो नकोय. ढोबळ हिशेब दर हजार आरपीएमला ०.७ बार असा धरतात. ७५०० ला साधारण सव्वापाच होतात, आणि तुम्हाला पाच मिळतायत. ४० लिटर प्रति मिनिट पाच बारला ढकलायला सुमारे ३३० वॉट लागतात, सात बारला सुमारे ४७०. जास्तीची ही शक्ती शेवटी ऑइल तापवण्यातच जाते, आणि तीही त्याच गिअरांमार्फत, ज्यांच्या तुटण्याची तुम्हाला काळजी आहे. थंड इंजिनावर फिल्टरच्या सीलवर ताण येतो तो वेगळा. तुमचा टर्बो बॉल बेअरिंगचा असेल तर त्याच्या ऑइल लाइनला रिस्ट्रिक्टर (ऑइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारं बारीक छिद्र) आहे ना ते बघा. त्याला गरजेपेक्षा जास्त प्रेशर मिळालं की ऑइल सीलमधून पलीकडे जातं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो.

मग करायचं काय? पहिलं काम एकही बोल्ट न उघडता करता येतं. या गाड्यांच्या डॅशवरचा मूळ काटा १९९५ पासून खरं प्रेशर दाखवतच नाही. तो साध्या स्विचवर चालतो आणि ठरावीक प्रेशरच्या वर असला की मधोमध उभा राहतो. तुम्ही वेगळं गेज लावलंय हे फार बरं केलंत. आता त्याचा सेन्सर लॉगरला (आकडे नोंदवून ठेवणाऱ्या यंत्राला) जोडा, आणि प्रेशर, आरपीएम, बाजूचा जी आणि ऑइलचं तापमान एकत्र नोंदवा. मग सारख्या आरपीएमची तुलना करा: सरळ रस्त्यावर ५००० ला किती आणि वळणात ५००० ला किती. आरपीएम उतरला की प्रेशर उतरतंच, ती घट आजार नाही. सारख्या आरपीएमला, सारख्या तापमानाला, फक्त उजव्या वळणात पडत असेल तर निदान पक्कं. दोन्ही बाजूंना आणि सरळ रस्त्यावरही फेरीगणिक हळूहळू उतरत असेल तर ते ऑइल तापून पातळ होणं आहे, आणि त्यावर उपाय ऑइल कूलर आणि योग्य ग्रेड. तापमान १३० अंशांच्या वर जात असेल तर बाकी सगळं सोडून आधी कूलरकडे बघा.

पातळी तपासा, हे सांगायलाच नको. तरी सांगतो, कारण टर्बोच्या गाड्या ट्रॅकवर ऑइल खातात आणि दुपारपर्यंत डिपस्टिक अर्ध्यावर आलेली असते. प्रत्येक सत्रानंतर बघा आणि वरच्या खुणेवर ठेवा.

निदान पक्कं झालं की चेंबरमध्ये बॅफल बसवा, म्हणजे पिकअपभोवती झडपा असलेली खोली, ज्यात ऑइल आत येऊ शकतं पण वळणात बाहेर पळू शकत नाही. चेंबर या गाडीत इंजिन जागेवर असताना सहज निघत नाही. पुढचा सबफ्रेम खाली घ्यावा लागतो किंवा इंजिन वर उचलावं लागतं. आणि पंप सुटसुटीत काढायलाही चेंबर निघालेलंच हवं, कारण चेंबरची पुढची कड पंपाच्या बॉडीला सीलंटने चिकटलेली असते. तेव्हा बॅफल, गिअर, डँपर, टायमिंग बेल्ट आणि पुढचं क्रँक सील ही सगळी कामं एकाच उघडण्यात करा. गिअरसाठी एकदा आणि बॅफलसाठी दुसऱ्यांदा असं उघडत बसू नका.

नुसते गिअर की अख्खा पंप, हे पंपाची बॉडी बघितल्यावरच ठरतं. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असते. गिअर काढून आतल्या भिंतीवर आणि तळावर नख फिरवा. नख अडकेल अशी रेघ असेल, धातूचा कण जाऊन खड्डा पडला असेल, किंवा मागचं झाकण घासून खोलगट झालं असेल तर नवी बॉडी घ्या. गिअरच्या बाजूची फट फार महत्त्वाची आहे. तिच्यातून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. गिअरवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने मोजा, आणि तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. मोजमाप मर्यादेत आलं आणि भिंती स्वच्छ असल्या तर जुन्या बॉडीत नवे गिअर बिनधास्त घाला. इंजिन बरंच चाललेलं असेल किंवा बेअरिंग कधी गेलं असेल तर मी बॉडी वाचवायच्या भानगडीत पडत नाही.

बांधताना तीन ठिकाणी घात होतो. एक म्हणजे मागच्या झाकणाचे स्क्रू. ते थरथरीने सैल होतात, झाकण उचललं जातं आणि प्रेशर हळूहळू जातं. छिद्रं ऑइल न राहील अशी धुऊन थ्रेडलॉक लावा आणि टॉर्कने आवळा. दुसरं सीलंट. जाड रेघ ओढली की ती आतल्या बाजूने पिळून निघते, तिचे धागे तुटतात आणि पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतात. तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांची चेंबर उघडल्यावर जाळीचा बराच भाग करड्या सिलिकोनने बुजलेला मी बघितलाय, आणि मालक पंपाला दोष देत असतो. बारीक, अखंड रेघ पुरे. तिसरं पिकअप नळीचा जोड. इथे गॅस्केट नवीनच हवं. जोडात केसाएवढी फट असली तरी पंप ऑइल सोडून तिथून हवा ओढतो, कारण हवा येणं सोपं आहे. जीएमच्या एलएस इंजिनांत हेच काम एक छोटा ओ-रिंग करतो, आणि तो चिमटला किंवा चुकीचा लागला म्हणून चांगले पंप बदलले जातात.

गिअर कोरडे बसवू नका. पोकळ्यांमध्ये असेंब्ली ल्यूब किंवा पेट्रोलियम जेली भरा, म्हणजे पहिल्या फेऱ्यांनाच पंप पकड घेईल. सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढा, इंधन पंपाचा फ्यूज काढा, आणि गेजवर प्रेशर स्थिर दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवा. चेंबर उघडलंच आहे तर एखाद-दुसऱ्या रॉडची कॅप काढून बेअरिंगही बघून घ्या. वळणात प्रेशर पडत असलेली गाडी किती काळ चालली यावर तिथे काय दिसेल ते अवलंबून आहे. खोल ओरखडे किंवा एका बाजूला घासून चकाकलेला पट्टा दिसला तर बेअरिंगचे शेल बदलल्याशिवाय चेंबर लावू नका. जुना फिल्टरही कापून कागद उलगडून बघा. त्यात चमचम दिसली तर ती कुठून आली हे कळेपर्यंत नवे गिअर डब्यातच राहू द्या.

हे सगळं झाल्यावर त्याच ट्रॅकवर, त्याच टायरवर पुन्हा लॉग घ्या. बॅफलने बहुतेक गाड्यांचं काम भागतं. तुमच्या लॉगमध्ये तरीही त्या उजव्या वळणात घट राहिली, तर पुढची पायरी ऑइल अ‍ॅक्युम्युलेटर. दाबाखाली लिटर-दोन लिटर ऑइल साठवणारी ती नळकांडी प्रेशर पडताच ऑइल परत सोडते. स्लिक टायर लावून शर्यतीला उतरणार असाल तरच ड्राय संपचा (ऑइल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या रचनेचा) विचार करा. तोवर ट्रॅकवर गेलात तर लिमिटर मूळ जागी आणा, साधे टायर ठेवा, आणि त्या लांब उजव्या वळणात एक गिअर वरचा ठेवून आरपीएम कमी राहू द्या.